येणाराची बाज

राणीसावरगावात नर्मदाबाईंच्या ओसरीवर रोज संध्याकाळी एक बाज जादा पडते. घरातल्या माणसांच्या बाजा वेगळ्या, ही वेगळी. धुतलेली चादर, उशी, उशाला पाण्याचा तांब्या. ही कुणाची, असं नव्या माणसानं विचारलं की घरातलं कोणीही सांगतं, ‘येणाराची.’ येणारा कोण ते कोणालाच ठाऊक नसतं. गंगाखेडची शेवटची एसटी चुकलेला खताचा एजंट, गावच्या देवीच्या दर्शनाला येऊन गुडघे धरून बसलेली म्हातारी, सासरहून रुसून निघालेली कोणाची तरी लेक, असं कोणी ना कोणी येतंच. नाही आलं तर सकाळी बाज उचलायची आणि भिंतीला उभी करायची. इतका सोपा मामला.

ही रीत नर्मदाबाईंनी झरीहून आणली, माहेराहून. त्यांच्या आईचे यातले दोन नियम होते. बाज आधी टाकून ठेवायची, म्हणजे येणाराला तोंड उघडून मागावं लागत नाही. आणि येणाराला ‘कधी जाणार’ असं विचारायचं नाही. दिनकररावांनी, म्हणजे नर्मदाबाईंच्या नवऱ्यानं, लग्नानंतर एकदा हा प्रश्न एका बांगडीवाल्याला विचारला होता. बांगडीवाला तसा चिकटच निघाला होता, हेही खरं. पण नर्मदाबाई तेव्हा नवऱ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत आणि भाकऱ्या तेवढ्या ताटात आपटत राहिल्या. दिनकरराव अजून ती गोष्ट सांगतात, फक्त बायको मळ्यात गेलेली असताना.

अशा बाईला परक्या शहरात लॉजवर उतरायची वेळ आली, आणि तीही सख्खा भाऊ त्या शहरात असताना. आता बोला.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत नातीला, स्वरदाला, पुणं बघायचं होतं. वर्गातल्या दोन मुली जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाच्या गोष्टी सांगून त्यांनी पोरीचं डोकं फिरवलं होतं. नर्मदाबाईंचा मुलगा गोपाळ गावातच कृषी केंद्र चालवतो. तो म्हणाला, “जाऊ की. मामाकडंच उतरायचं हाय.” यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मामा म्हणजे दत्तराव, नर्मदाबाईंचा धाकटा भाऊ. बायको वारल्यावर झरीतलं घर आणि रान विकून तो पुण्याला मुलाकडं राहायला गेला होता. त्या पैशात स्वतःची भर घालून मुलानं, हरिओमनं, तिथं फ्लॅट घेतला होता.

गोपाळनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठा करून ठेवला. नर्मदाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर आधीच हसू आलं होतं. दोन दिवाळ्या भाऊ ओवाळणीला आला नव्हता, आता त्याच्या घरी जाऊन त्याचा कान धरायचा होता.

“मामा, आमी चौघं यायलोत पुण्याला,” गोपाळ म्हणाला.

तिकडून दत्तराव म्हणाले, “गोपाळ, तुमी एखादं हॉटेल बघा बाबा. इथं जमायचं न्हाई.”

नर्मदाबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांना वाटलं, फोनमध्ये दुसऱ्याच कोणाचा आवाज मिसळला असेल. त्यांनी फोन ओढून घेतला. “दत्ता, मी बोलायले.”

“अक्का,” दत्तराव म्हणाले. “हॉटेलच बघा. आता हॉटेलं चांगली असतेत.” आणि फोन बंद झाला.

अशा वेळी माणूस रडतं किंवा भांडतं. नर्मदाबाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकातच ओतले आणि त्या आत जाऊन बसल्या. ज्या भावाला आई रानात गेल्यावर त्यांनी कडेवर वागवलं, ज्याच्या अंगातला ताप उतरावा म्हणून स्वतः अकरा-बारा वर्षांची असताना रात्रभर पाण्याच्या पट्ट्या बदलल्या, तो म्हणाला, जमायचं न्हाई. त्यांना धक्का बसला होता आणि तो जिरत नव्हता. रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही.

“ज्याचं गावात कोणी न्हाई त्यानं लॉजवर उतरावं,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझा भाऊ जित्ता हाय.”

“मग जाऊ नगा,” दिनकरराव म्हणाले. जनावरांमुळे ते तसेही जाणार नव्हते, त्यामुळे त्यांना हा सल्ला द्यायला सोपा होता. स्वरदानं भोकाड पसरलं. नर्मदाबाईंनी नातीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि पदर खोचला.

“जायचं. त्याच्या उंबऱ्याला मी पाय लावणार न्हाई. पण खोली मी बघणार.”

आणि त्यांनी खोली अशी बघितली की लोक लेकीला स्थळसुद्धा इतकं बारकाईनं बघत नाहीत. सून वैष्णवी मोबाइल घेऊन शेजारी बसली आणि एकेक फोटो पुढं सरकवू लागली. पहिल्याच फोटोवर नर्मदाबाईंनी बोट ठेवलं.

“हे काचंचं कपाट कशाला?”

“कपाट न्हाई आई, ते बाथरूम हाय.”

“सगळं दिसायलंय की आतलं.”

“पडदा असतो म्हणे.”

“म्हणे?” नर्मदाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बाथरूम तसंच राहिलं. पलंगावर पडल्या पडल्या आंघोळ करणारा माणूस दिसावा, अशी सोय कोणी मुद्दाम पैसे खर्चून केली असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. “सासू, सून, पोरगा, नात एका खोलीत, आन मधी काच. ह्या लोकांच्या घरात माणसं राहतेत का काय राहतंय?” गोपाळला एकदम दुकानाची किल्ली आठवली आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या खोलीत पलंगावर दोन पांढरी बदकं मान टाकून बसली होती. ते टॉवेल आहेत, असं वैष्णवीनं सांगितलं. अंग पुसायच्या कपड्याला बदक करणाऱ्या माणसाच्या हाताला दुसरं काम नसणार, आणि काम नसलेल्या माणसाच्या घरी आपण उतरत नाही, असा त्यांनी निकाल दिला. तिसरी खोली उंच होती आणि तिची खिडकी उघडत नव्हती. “उघडत न्हाई ती खिडकी कशाला ठेवली? फोटो लावा की तिथं.” चौथीत एकच पलंग, पण खळ्याएवढा. दिवेलागण झाली तरी एक खोली पसंत पडेना. वैष्णवीचा मोबाइल चार्जिंगला लावला गेला आणि तिथंच भिंतीला टेकून बघणं पुढं चालू राहिलं.

मग एक साधी खोली आली. दोन पलंग, विटांच्या भिंतीचं बाथरूम, उघडी खिडकी, खिडकीखाली मोकळी जागा. नर्मदाबाईंनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. “इथं काय?”

“जादा माणूस असला तर तिथं ते पलंग टाकून देतेत. पण आपण चौघंच हाव.”

“पाच टाक.”

“पाचवं कोण?”

“पाच टाक म्हणलं ना.”

गोपाळ परत आला होता. पाचव्याचं वेगळं भाडं लागतं, हे त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. नसलेल्या माणसासाठी जगात कोणी पलंग घेत नाही, हेही सांगितलं. नर्मदाबाईंनी फक्त ओसरीवरच्या त्या बाजेकडं बोट दाखवलं. त्यापुढं गोपाळची मात्रा चालेना. वैष्णवीनं पाच टाकले. गावात ही गोष्ट फुटली आणि आठवडाभर लोक गोपाळला विचारत होते, की पाचवा कोण रे, त्याला तिकीट काढलं का.

पाचवा कोण ते नर्मदाबाईंनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःशीही कबूल केलं असेल असं वाटत नाही. भावावर राग होता आणि तो खराच होता. पण गाठोड्यात मात्र ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि फडक्यात बांधलेले धपाटे होते. धपाट्यांत कोथिंबीर नव्हती, कारण दत्ताला लहानपणापासून कोथिंबीर चालत नाही.

परभणीहून रात्रीची गाडी धरून मंडळी सकाळी पुण्यात उतरली. हॉटेलच्या काउंटरवर टाय लावलेला एक पोरगेला मॅनेजर होता. त्यानं संगणकात बघितलं, समोर बघितलं आणि म्हणाला, “पाच जण लिहिलेत. पाचवे कुठं आहेत?”

“येणार हाय,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“कधी येणार?”

“ते येणाराला विचारायचं नसतंय बाबा.”

मॅनेजरनं पुन्हा संगणकात बघितलं. त्यानं नियम सांगून टाकला: भेटायला येणाऱ्यांनी खाली सोफ्यावर बसायचं, वर खोलीत सोडत नाहीत. ज्यांची नोंद आहे तेच वर. पाचवे आले की त्यांचं आधार कार्ड दाखवा. नर्मदाबाई ऐकतच राहिल्या. घरी आलेल्या पाहुण्याला दारातच बसवून ठेवायचं, आणि तेही नियम म्हणून. खोलीत गेल्यावरही त्या हेच बोलत होत्या. खिडकीखाली जादा पलंग टाकलेला होता, चादर अगदी ताणून बसवलेली. त्यांनी आधी त्याची चादर सैल केली, उशी झटकली, पाण्याची बाटली उशाला ठेवली, आणि मगच तोंड धुतलं.

वाघ बघायला त्या गेल्या नाहीत. गुडघा धरला म्हणाल्या. वैष्णवीला सगळं कळत होतं, पण शहाण्या सुना कळलेलं सगळंच बोलत नाहीत. तिनं स्वरदाला घेतलं, गोपाळला पुढं घातलं आणि तिघं गेली. गोपाळनं मामाला हॉटेलचा पत्ता कळवला होता, हे मात्र ती जाताजाता सहज बोलली.

नर्मदाबाई खोलीत एकट्या बसल्या आणि त्यांनी भांडणाची उजळणी सुरू केली. लहानपणापासूनचं सगळं काढायचं होतं. आईनं मरताना काय सांगितलं होतं, तेही काढायचं होतं. दत्ता समोर आला की पाणी नाही, चहा नाही, आधी हे सगळं तोंडावर फेकायचं. वाक्यं अगदी पाठ झाली, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला आणि त्या दचकून उभ्या राहिल्या. मॅनेजर बोलत होता. खाली दत्तराव नावाचे एक आजोबा आलेत, वर सोडता येत नाही.

लिफ्टवर त्यांचा भरवसा नव्हता. जिन्यानं त्या उतरल्या, गुडघा खरोखरच दुखायला लागला. आणि शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या.

सोफ्याच्या अगदी कडेवर, उठवलं तर पटकन उठता यावं तसा, एक म्हातारा बसला होता. शर्ट धुतलेला होता, दाढी केलेली होती, मांडीवर कापडी पिशवी होती. पण गळ्याची हाडं वर आली होती आणि डोळ्यांखाली काळं पडलं होतं. नर्मदाबाईंनी आधी त्याच्या पलीकडं बघितलं, दत्ता कुठं आहे म्हणून. मग तो उठला आणि म्हणाला, “अक्का.”

पाठ केलेलं सगळं त्या विसरल्या. एक वाक्य म्हणून शिल्लक राहिलं नाही. त्या काउंटरकडं वळल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, “हाच तो पाचवा.”

मॅनेजरनं कार्ड घेतलं, नोंद केली, आणि दोघं वर आली. दत्तराव दारातच उभे राहिले. चप्पल आत काढावी की बाहेर, याचाच त्यांना पेच पडला होता. मग त्यांची नजर खिडकीखालच्या पलंगावर गेली.

“हा कुणाचा?”

“येणाराचा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

दत्तराव हसले. झरीचं घर त्या हसण्यात होतं, आई होती, ओसरी होती. “अक्का, जरा पडू का?” त्यांनी विचारलं.

“पड की. पाणी तर पी आधी.”

त्या ग्लास भरायला वळल्या. ग्लास घेऊन परत फिरल्या तर भाऊ झोपलेला होता. एक पाय अजून खाली लोंबत होता. नर्मदाबाईंनी तो उचलून वर ठेवला, तरी त्याला कळलं नाही.

झरीत दत्ताची झोप प्रसिद्ध होती. औत सोडलं, भाकर खाल्ली की लिंबाखाली तो जो पडायचा, तो पडायचाच. एकदा वळवाची सर येऊन गेली. दत्ता भिजला, उन्हानं वाळला आणि मग उठला, असं लोक सांगायचे. ही तशीच झोप असेल असं त्यांना आधी वाटलं. पण तसं नव्हतं. तो झोपेत पिशवी सोडत नव्हता. छातीशी धरलेली पिशवी त्यांनी हळूच काढायला बघितली, तर झोपेतच त्याची मूठ आवळली. बाजारात, स्टँडवर माणूस असं झोपतं. नर्मदाबाई पलंगाजवळ जमिनीवर बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा दत्तराव जागे झाले. पहिल्यांदा ते झटकन उठून बसले आणि म्हणाले, “उतरायचं का?”

“कुठं उतरायचं?” नर्मदाबाईंनी विचारलं.

दत्तराव बहिणीकडं बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठं आहोत, आणि आपण काय बोलून बसलो तेही. नर्मदाबाईंनी धपाटे पुढं ठेवले. ते खाता खाता, मान वर न करता, दत्तरावांनी सांगायला सुरुवात केली.

फ्लॅट दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत दिवसभर सुनेचं, अर्पिताचं, ऑफिस. संगणकावर सगळी माणसं दिसतात, बोलतात, त्यांच्या मागं म्हातारं माणूस सोफ्यावर निजलेलं कसं चालेल. आतल्या खोलीत पोरं आणि त्यांचा अभ्यास. ती काही बोलली नाही कधी, बोलणारी नाही. आपल्यालाच समजायला पाहिजे. म्हणून सकाळचा चहा झाला की ते बाहेर पडायचे. आधी बागेत बसायचे. पण बाग दुपारची बंद करतात, राखणदार शिट्टी मारून बाहेर काढतो.

“मग?”

“मग बसमधी बसतो. पास हाय म्हाताऱ्यांचा. शेवटच्या थांब्याला जायचं, तिथून परत यायचं. खिडकीला डोकं लावलं की डोळा लागतो. कंडक्टर वळखीचे झालेत आता, उठवतेत मला थांबा आला की.”

वळवाची सर अंगावरून गेली तरी न उठणारा माणूस, त्याला रोज कोणी तरी हलवून उठवत होतं.

“हरिओमला ठावं न्हाई?”

“त्याला म्या सांगितलंय, बागेत दोस्त हायत माझे. पत्ते खेळतोत म्हणून.” दत्तरावांनी धपाट्याचा तुकडा मोडला. “पोरगं वाईट न्हाई अक्का. रात्री मेहनत करून येतंय बिचारं. त्याला सांगून काय करू, भिंती का मागं सरकणार हायत? आन तू आली असतीस तर एका दिवसात तुला सगळं दिसलं असतं. म्हणून म्हणलं, हॉटेल बघा.”

दोन दिवाळ्यांचा राग होता, तो कुठं गेला ते नर्मदाबाईंना कळलं नाही. त्याच्या जागी लाज आली, आणि ती स्वतःची होती. या भावाला त्या इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होत्या.

“चल माझ्यासंगं,” त्या म्हणाल्या.

“नगं. बहिणीच्या दारात राहून खाल्लं तर लोक हरिओमच्या तोंडात शेण घालतील. बाप सांभाळला न्हाई म्हणतील.”

हे खोटं नव्हतं. पाहुण्यारावळ्यांची तोंडं नर्मदाबाईंना चांगली ठाऊक होती. एकेकाच्या घरी स्वतःच्या बापाला प्यायला पाणी मिळत नसतं, पण दुसऱ्याच्या बापाची काळजी त्यांना लागलेली असते. त्या उठल्या, पलंगाची चादर नीट केली, उशी झटकली. हात चालला की त्यांचं डोकं चालतं.

“राहायला कोण म्हणायलंय?” त्या म्हणाल्या. “देवीच्या दर्शनाला ये. दर्शन घे, आन शेवटची एसटी चुकव.”

“आन दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशीबी चुकव.”

दत्तराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणालेल्या नर्मदाबाई त्याच संध्याकाळी हरिओमच्या घरी गेल्या. चांगलं खडसवायचं मनात होतं. पण तिथं खडसवण्यासारखं काही सापडेना. अर्पितानं पाया पडून चहा दिला, पीठ बघून तिला खरोखर आनंद झाला. पोरं आजीच्या गळ्यात पडली. हरिओम थकून आला होता, तरी आत्याला बघून त्याचा चेहरा फुलला. फक्त जागा नव्हती. नर्मदाबाईंना बसवायला एका पोराला उठावं लागलं, त्याला उभं राहायला खुर्ची सरकवावी लागली. दत्तराव दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि ते उभे आहेत हे कोणाला खटकत नव्हतं. रोजचं होतं ते.

“दत्ताला चार दिवस न्यायलेय देवीला,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“न्या की आत्या,” हरिओम म्हणाला. “पण बाबांना आता तिकडं करमायचं न्हाई बघा. इथं बागेत लय दोस्त झालेत त्यांचे.”

नर्मदाबाईंनी भावाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. सत्य त्यांच्या जिभेवर आलं होतं आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. सांगून टाकायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण ज्याचं गुपित त्याच्यासमोर ते फोडायचं कसं, आणि तेही त्याच्या नातवंडांच्या देखत?

दत्तराव राणीसावरगावात आले, देवीचं दर्शन झालं, आणि संध्याकाळी ते पिशवी घेऊन स्टँडवर गेले. गंगाखेडची शेवटची एसटी त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि गेली. घरी येऊन त्यांनी सांगितलं, “चुकली अक्का.”

“चुकू दे. हातपाय धू,” नर्मदाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोजच चुकू लागली. गावाला तो खेळच झाला. कंडक्टर घंटी ओढायच्या आधी ओरडायचा, “मामा, येता का?” आणि दत्तराव मान हलवायचे. दुपारी ते ओसरीवर झोपायचे. पहिले काही दिवस पिशवी छातीशी असायची. मग एक दिवस ती खुंटीवर टांगलेली दिसली. दिनकररावांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. बांगडीवाल्याचा धडा त्यांना आयुष्यभर पुरला होता. संध्याकाळी नर्मदाबाईंनी मात्र माळ्यावरून आणखी एक बाज खाली काढली, कारण येणाराची बाज आता रिकामी राहत नव्हती, आणि दुसरं कोणी आलं तर?

संक्रांतीच्या सुमारास, भर दुपारी, हरिओम आला. कळवलं नव्हतं, सुट्टी नव्हती. हातात तिळगुळाचा डबा होता, तोही फोडलेला नव्हता. ओसरीच्या पायरीवर तो थांबला. समोर बाप झोपला होता, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून.

“बाबांना उठवू नगा,” तो हळू म्हणाला आणि पायरीवरच बसला. “आत्या, बाबांच्या दोस्तांना तिळगूळ द्यायला म्हणून मी बागेत गेलतो. हा डबा घेऊन. तिथं बसणारं कोणीच बाबांना वळखत न्हाई. राखणदाराला फोटो दाखवला. तो म्हणला, हे तर दुपारी कुलूप लावलं की समोरच्या थांब्यावरून बसमधी चढायचे.” त्यानं डबा पायरीवर ठेवला. “आत्या, बाबा रोज कुठं जायचे?”

नर्मदाबाईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं ते पिईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग सांगितलं. सगळं सांगितलं, खिडकीला डोकं लावायचं तेही. हरिओमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो रडला नाही. रात्री कामावरून येऊन ज्या बापाला ‘आज पत्त्यात जिंकले का’ असं तो हसत विचारायचा, त्या झोपलेल्या बापाकडं तो नुसता बघत राहिला. नर्मदाबाईंना त्याच्याकडं बघवेना, म्हणून त्या आत जाऊन चुलीपुढं बसल्या.

दत्तराव उठले तेव्हा पायरीवर मुलगा बसलेला होता.

“कधी आलास?” बापानं विचारलं. कधी जाणार, असं त्यानं विचारलं नाही.

ऊन कललं तसे दत्तराव रोजच्यासारखे स्टँडकडं निघाले. हरिओम उठून त्यांच्यामागं गेला. दोघं काय बोलले, बोलले की नाही, ते कोणाला माहीत नाही. नर्मदाबाई आत भाकरी थापत होत्या. लांबून एसटीचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला आणि गंगाखेडच्या दिशेनं विरून गेला. हातातली भाकरी तव्यावर टाकायचं त्या विसरल्या. बाहेर पायरीवर चपला वाजल्या, तशा त्यांनी कान दिला.

“चुकली अक्का,” दत्तराव म्हणाले. “आज दोघांचीबी चुकली.”

नर्मदाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि वैष्णवीला हाक मारून सांगितलं की माळ्यावरची आणखी एक बाज काढ, रात्री कोणी आलं तर लागेल.